डासांचे यंत्र बिघडते तेव्हा

रात्री अंथरुणे घातली की भिंतीवरच्या सॉकेटमध्ये एक छोटेसे यंत्र खोचायचे, बटण दाबायचे आणि त्यावरचा तांबडा दिवा लागला की निर्धास्त झोपायचे, ही रीत आता शहरांपुरती राहिलेली नाही. कंपनी कोणतीही असो, काही घरांत त्याला सरसकट ‘गुडनाइट’ म्हणतात, काही घरांत ‘ऑलआउट’. आपण या लेखात त्याला नुसते ‘यंत्र’ म्हणू.

हे यंत्र बिघडते, पण त्याचा बिघाड पंख्यासारखा किंवा दिव्यासारखा चटकन ध्यानात येत नाही. पंखा बंद पडला तर घाम येतो. यंत्र बंद पडले तरी दिवा लागलेलाच असतो, बाटलीत द्रव असतो आणि घरातली माणसे यंत्राच्या भरवशावर मच्छरदाणी न लावता झोपतात. पावसाळ्यानंतरच्या डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत असा भरवसा महागात पडू शकतो. म्हणून हा बिघाड शोधायचा कसा, हे पाहणे उपयोगाचे आहे. शिवाय शिक्षकांच्या दृष्टीने यात आणखी एक सोय आहे. ओहमचा नियम, समांतर जोडणी, केशाकर्षण, बाष्पीभवन आणि बॉइलचा नियम हे पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेले विषय या मूठभर वस्तूत एकत्र नांदतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. येथे निदान करायचे आहे, दुरुस्ती नव्हे. बहुतेक यंत्रांचे प्लास्टिकचे कवच कायमचे बंद केलेले असते. ते पटाशीने उचकटून पुन्हा चिकटवले की आतल्या विद्युत्भारित भागांवरचे संरक्षण गेले असे समजावे. यंत्र स्वस्त आहे. निदान झाले की नवे आणावे.

यंत्र काय करते

डासांना धुराने पळवण्याची जपानी उदबत्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली आणि तिचे वेटोळे १९०२ मध्ये बाजारात आले. विजेवर तापणाऱ्या पट्टीवर औषध भिजवलेली वडी ठेवायची, ही युक्तीही जपानचीच. १९६३ मध्ये तेथील एका कंपनीने असे यंत्र ‘व्हेप’ या नावाने विकायला काढले. हा शब्द आज इलेक्ट्रॉनिक सिगारेटसाठी वापरला जातो, पण त्याआधी चाळीस वर्षे तो डासांच्या यंत्रावर छापला जात होता! वडीऐवजी बाटली आणि वात असलेले यंत्र १९८४ मध्ये जपानमध्येच आले. रोज वडी बदलण्याचा त्रास त्यामुळे संपला.

बाटलीत असते ते बहुतांशी वास काढून टाकलेले, रॉकेलच्या जातीचे खनिज तेल. त्यात ट्रान्सफ्लुथ्रिन किंवा प्रॅलेथ्रिन यांसारखे कीटकनाशक अगदी थोडे विरघळवलेले असते. बाटलीवरचे बारीक अक्षर वाचले तर हे प्रमाण साधारणपणे दीड टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी दिसते. बाटलीच्या तोंडात घट्ट बसवलेली कांडी ही वात. ती कापसाची नसते. खनिज भुकटी किंवा कृत्रिम धागे दाबून, बांधून केलेली ती सच्छिद्र कांडी असते. बाटली यंत्रात फिरवून बसवली की वातीचे वरचे टोक एका कड्याच्या मधोमध येते. हे कडे तापते, वातीच्या टोकातले द्रव वाफ होऊन खोलीत पसरते आणि खालून नवे द्रव चढते.

खालून द्रव का चढते, हे सूत्राने पाहता येईल. केशनळीत द्रव चढण्याची उंची पृष्ठताणाच्या दुपटीला घनता, गुरुत्वत्वरण आणि नळीची त्रिज्या यांच्या गुणाकाराने भागून मिळते (द्रव नळीला पूर्ण भिजवतो असे धरले आहे). रॉकेलसारख्या द्रवाचा पृष्ठताण मीटरला सुमारे ०.०२६ न्यूटन, घनता घनमीटरला सुमारे ७८० किलोग्रॅम. द्रव ७ सेंटिमीटर चढवायचा असेल तर नळीची त्रिज्या किती हवी? उत्तर येते जवळजवळ ०.१ मिलिमीटर. वातीतली छिद्रे याहून पुष्कळच बारीक असतात. म्हणजे बाटली तळाला गेली तरी द्रव टोकापर्यंत पोहोचायला ताकद भरपूर उरते. जेव्हा तो पोहोचत नाही, तेव्हा दोष उंचीचा नसतो, वाट बुजल्याचा असतो. हे लक्षात ठेवू, पुढे लागेल.

कडे तापते कसे

अशा यंत्राची शक्ती साधारण ५ वॅट धरू. घरगुती दाब २३० व्होल्ट. मग रोध किती हवा? २३० चा वर्ग भागिले ५, म्हणजे सुमारे १०,६०० ओहम. धारा जेमतेम २२ मिलिअँपिअर.

आता विद्यार्थ्यांना एक गणित घालावे. शेगडीत असते तशी नायक्रोमची तार वापरून हा रोध तयार करायचा आहे. तार केसाइतकी बारीक, ०.०५ मिलिमीटर व्यासाची घेतली तरी तिचा रोध मीटरला सुमारे ५६० ओहम. म्हणजे तार लागेल १९ मीटर! बोटाच्या पेराएवढ्या जागेत एवढी तार, तीही एकमेकीला न चिकटता गुंडाळायची म्हणजे काम अवघड आणि तार तुटण्याची भीती कायमची. म्हणून यंत्रात सहसा दोनपैकी एक मार्ग असतो. एक, रेडिओत असतात तसा पण सिमेंट किंवा चिनी मातीत बसवलेला तयार रोधक. दुसरा आणि अधिक हुशारीचा, राखाडी रंगाची नाण्यासारखी एक चकती. हिला ‘पीटीसी’ म्हणतात. ती बेरियम टायटनेट या संयुगाची भाजलेली चकती असते, त्यात इतर मूलद्रव्यांचा अंश मिसळलेला असतो.

या चकतीचा स्वभाव मजेदार आहे. थंड असताना तिचा रोध कमी असतो. एका ठरावीक तापमानाच्या पुढे मात्र, जे शुद्ध बेरियम टायटनेटला सुमारे १२० अंश सेल्सिअस असते आणि मिसळीने कमीजास्त करता येते, रोध एकदम हजारपट किंवा त्याहूनही वाढतो. चकती असंख्य बारीक स्फटिककणांची बनलेली असते आणि त्या तापमानानंतर कणाकणांच्या सीमांवर इलेक्ट्रॉनांना अडवणारी भिंत उंच होते, असे याचे थोडक्यात कारण. परिणाम असा की चकती तापली की स्वतःच स्वतःची धारा अडवते, जरा निवली की पुन्हा वाट मोकळी करते. नियंत्रक, पट्टी, फ्यूज यांपैकी काहीही न लावता तापमान जवळजवळ एकाच ठिकाणी राहते.

खेड्यांतल्या वाचकांना याचा फायदा चटकन पटेल. साध्या रोधकाची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. संध्याकाळी शेतीपंप चालू झाले आणि दाब १८० व्होल्टवर आला की उष्णता १८० भागिले २३० याचा वर्ग, म्हणजे ६१ टक्केच उरते. उलट मध्यरात्री दाब २६० वर गेला तर ती २८ टक्क्यांनी वाढते. रोधकाचे यंत्र म्हणूनच संध्याकाळी ऐन डासांच्या वेळेला मंद आणि मध्यरात्री जास्त तापलेले असते. अशा ठिकाणी ‘यंत्र कुचकामी आहे’ ही तक्रार पुष्कळदा यंत्राची नसून विजेच्या दाबाची असते. चकतीच्या यंत्राला हा चढउतार फारसा जाणवत नाही.

दिवा लागतो, कडे मात्र थंड

आता बिघाडांकडे वळू. पहिला आणि सर्वांत फसवा बिघाड हाच.

यंत्रावरचा दिवा तापणाऱ्या भागाशी समांतर जोडलेला असतो. त्यामुळे दिवा लागणे म्हणजे ‘यंत्रापर्यंत वीज आली’ एवढाच निरोप. चकतीला तडा गेला असेल, तिला दाबून धरणारी पितळी पट्टी सैल झाली असेल किंवा जोड काळा पडला असेल, तरी दिव्याला त्याचे सोयरसुतक नसते. उलट दिवा बंद आणि कडे गरम, असेही होऊ शकते; तेव्हा केवळ दिवा गेलेला असतो आणि यंत्र व्यवस्थित असते. समांतर जोडणी शिकवताना माळेतले दिवे सांगण्यापेक्षा हे उदाहरण अधिक चांगले, कारण येथे ती न समजल्याचा तोटा घरात भोगावा लागतो.

मग तपासायचे कसे? बाटली काढून यंत्र रिकामेच दहा मिनिटे चालू ठेवावे, मग बटण बंद करून ते सॉकेटमधून काढावे आणि नंतरच बोट कवचाच्या वर, कड्यापासून थोडे दूर धरून ऊब येते का ते पाहावे. कड्यात बोट घालू नये. चालू यंत्राच्या कड्यात तर बोट, पिन, सेफ्टीपिन काहीच जाता कामा नये. चकतीच्या दोन बाजूंना पूर्ण २३० व्होल्ट असतात आणि मध्ये फक्त चिनी मातीचा किंवा प्लास्टिकचा पातळ आडोसा असतो.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘पाच वॅटचे तर यंत्र, त्याचा काय शॉक बसणार?’ असे पुष्कळांना वाटते. पण पाच वॅट ही शक्ती चकतीच्या रोधामुळे ठरलेली आहे. माणसाचे बोट उघड्या पट्टीला लागले की धारेला चकतीतून जाण्याची गरजच उरत नाही. ती बोटातून जमिनीकडे जाते आणि तिला अडवतो तो फक्त माणसाच्या अंगाचा रोध. हजार वॅटच्या इस्त्रीचा आणि पाच वॅटच्या यंत्राचा धक्का सारखाच. कवचाला तडा गेलेले यंत्र म्हणूनच, चालत असले तरी, टाकून द्यावे.

शाळेत मल्टीमीटर असेल तर आणखी पक्के निदान होते. यंत्र सॉकेटच्या बाहेर, बटण ‘चालू’ स्थितीत, आणि मल्टीमीटरच्या दोन सळ्या यंत्राच्या दोन पिनांना. काहीशे ते काही हजार ओहम दिसले तर आतली वाट शाबूत आहे. अनंत रोध दिसला तर वाट तुटली आहे. मधेच ‘पण दिव्यातून वाट असेल ना?’ असा प्रश्न एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारेल. निऑनचा छोटा दिवा असेल तर तो पेटायला साधारण साठ व्होल्टांहून अधिक दाब लागतो आणि मल्टीमीटरचा दाब काही व्होल्टच असतो, म्हणून तो दिवा मीटरला दिसतच नाही. एलईडी असेल तर तिच्यासोबत मोठा रोधक असतो. फार तर लाखाच्या घरातला आकडा दिसेल. कमी-जास्त असे दोन टप्पे असलेल्या यंत्रात बटणाच्या दोन्ही स्थिती तपासाव्यात, कारण एकच टप्पा निकामी झालेला असू शकतो.

यातला सर्वांत सुंदर प्रयोग असा. यंत्र पंधरा मिनिटे तापवावे, सॉकेटमधून काढावे आणि लगेच मीटर लावून दर अर्ध्या मिनिटाला रोध लिहीत जावे. यंत्रात साधा रोधक असेल तर आकडा जवळजवळ हलणार नाही. चकती असेल तर मोठ्या आकड्यापासून सुरुवात होऊन, ती निवेल तसा, तो वेगाने खाली उतरेल. कवच न उघडता आत काय आहे ते कळले! आलेख काढून वर्गाच्या भिंतीवर लावण्याजोगा होतो.

दिवाच लागत नाही

हा बिघाड सोपा. प्रथम त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून पाहावा. चार्जर चालला तर दोष यंत्राचा किंवा त्याच्या पिनांचा. पिना बारीक आणि सॉकेटची भोके जुनी, ढिली झालेली, हे आपल्याकडचे नेहमीचे चित्र. त्यातून भरलेली बाटली यंत्राच्या खाली लोंबते आणि तिच्या वजनाने यंत्र पुढे झुकते. पिना हाताने वाकवून बसवण्याचा उपाय लोक करतात, तो वाईट; सॉकेट बदलावे.

सॉकेटभोवती तपकिरी डाग दिसले तर ते यंत्रामुळे झाले असे समजू नये. २२ मिलिअँपिअर धारेने, जोडाचा रोध अगदी १०० ओहम झाला तरी, तेथे निर्माण होणारी उष्णता वॅटच्या विसाव्या भागाएवढी. एवढ्याने प्लास्टिक करपत नाही. त्याच सॉकेटला दिवसा इस्त्री लावली जाते का, ते विचारावे. इस्त्रीची धारा चार-पाच अँपिअर असते आणि उष्णता धारेच्या वर्गाबरोबर वाढते. तेथे अर्ध्या ओहमचा ढिला जोडही दहा वॅट उष्णता करतो.

कडे गरम, पण द्रव उतरत नाही

येथून पुढे वीज संपते आणि यंत्रशास्त्र सुरू होते.

आधी बाटली पूर्ण फिरवून बसली आहे का ते पाहावे. आटे झिजले असतील तर ती अर्ध्यावरच अडते आणि वातीचे टोक कड्याच्या खाली राहते. कड्याची उष्णता वातीला मिळते ती मधल्या हवेच्या पातळ थरातून. हे अंतर थोडे बदलले तरी वाफेचे प्रमाण पुष्कळ बदलते. वात कड्याच्या मधोमध हवी. यंत्र झुकलेले असेल किंवा वात तिरपी असेल तर ती एका बाजूने करपते. बाहेर काढून पाहिल्यास टोकाच्या एकाच अंगाला काळा डाग दिसतो. तो डाग पाहिला की यंत्र कोणत्या बाजूला झुकले होते हे गुप्तहेरासारखे सांगता येते.

सगळे सरळ असूनही द्रव उतरत नसेल तर वात बुजलेली आहे. चहाच्या आधणाच्या भांड्याला पाण्यातले क्षार चिकटून राहतात, तसेच येथे होते. तेल आणि कीटकनाशक उडून जातात, पण न उडणारा अंश टोकाशी साचतो. उष्णतेने आणि हवेने त्याची राळ बनते आणि छिद्रे बंद होतात. म्हणूनच प्रत्येक नव्या बाटलीबरोबर नवी वात येते आणि जुनी वात पुन्हा वापरू नये असे सांगितलेले असते.

हे कळले की घरगुती ‘रिफिल’चे दोषही कळतात. रिकाम्या बाटलीत कडुनिंबाचे तेल आणि कापूर, किंवा रॉकेल आणि कापूर भरण्याचा उपाय तोंडोतोंडी पसरलेला आहे. कडुनिंबाचे तेल हे गोडेतेलाच्याच जातीचे. ते शंभर-सव्वाशे अंशांना उडत नाही, घट्ट होत जाते. दोन-चार रात्रींत वात कायमची बुजते. कापूर उडतो खरा, पण निवताना छिद्रांत पुन्हा स्फटिक होऊन बसतो. रॉकेलची गोष्ट आणखी गंभीर. कंपनीच्या बाटलीतले तेल अधिक तापमानाला पेट घेण्याजोगी वाफ देणारे, निवडून घेतलेले असते. दुकानातल्या रॉकेलची वाफ मात्र ४० अंशांच्या आसपासच ठिणगीने पेटू शकते. ती वाफ गरम कड्याजवळ आणि ठिणग्या मारणाऱ्या ढिल्या सॉकेटजवळ रात्रभर सोडायची, आणि खाली मुले झोपलेली. दोन पैसे वाचवण्याचा हा मार्ग नव्हे.

हवेचे भोक

आणखी एक बिघाड सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, पण शिकवायला तो मला सर्वांत आवडतो. बाटलीतून द्रव बाहेर गेला की त्याची जागा घ्यायला हवा आत यावी लागते. ती येते वात आणि तिला धरणारे बूच यांच्यामधल्या बारीक फटीतून. ही फट धुळीने किंवा राळेने बुजली तर?

वातीतल्या छिद्राची त्रिज्या १० मायक्रोमीटर धरली तर केशाकर्षणाचा दाब सुमारे ५,२०० पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम पाच टक्के. बाटली नवी आहे आणि द्रवाच्या वर ५ मिलिलिटर हवा आहे असे समजा. बॉइलच्या नियमाप्रमाणे या हवेचे आकारमान पाच टक्क्यांनी, म्हणजे पाव मिलिलिटरने वाढले की तिचा दाब पाच टक्क्यांनी घटतो आणि केशाकर्षणाची सगळी ताकद तेथेच खर्ची पडते. द्रव चढणे थांबते. रात्रीत साधारण १ मिलिलिटर द्रव खर्च होतो असे धरले तर हे दोन तासांत घडेल. यंत्र झोपताना चालू, मध्यरात्री कोरडे आणि सकाळी बाटली भरलेलीच.

उलटही घडते. अर्धी बाटली संपली आहे, फट बुजली आहे आणि कड्याच्या उष्णतेने आतली २२ मिलिलिटर हवा पंधरा अंशांनी तापली. ती पाच टक्के फुगू पाहते, म्हणजे एक मिलिलिटरहून अधिक. एवढे द्रव वातीतून वर ढकलले जाते आणि कड्यावर ओघळते. ‘यंत्रातून तेल गळते’ या तक्रारीचे हे एक कारण. दुसरे आणि अधिक घडणारे कारण म्हणजे बाटली आडवी असणे. जमिनीवर पडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डात यंत्र खोचले की बाटली आडवी होते आणि द्रव वातीला व बुचाला सतत टेकून राहतो. ओघळलेले तेल धूळ धरते, काही प्लास्टिकांना ठिसूळ करते, आणि मग कवचाला तडा. यांत्रिक बिघाडाने विजेचा बिघाड जन्माला घातला.

दूरचा भाऊ

वात, तापणारा भाग, हवेचे भोक आणि वाफ हीच मांडणी इलेक्ट्रॉनिक सिगारेटच्या वाफ करणाऱ्या भागातही असते. भारतात २०१९ च्या कायद्याने अशा सिगारेटचे उत्पादन, विक्री, साठवण आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे, तरीही वरच्या वर्गांतली मुले तिच्याविषयी ऐकून असतात आणि ‘ती नुसती वाफ असते’ असे सांगतात. त्यांना यंत्राशेजारी ठेवून फरक दाखवता येतो. तेथे दाब २३० ऐवजी एका लिथियम घटाचा, ३.७ व्होल्ट, म्हणून रोध दहा हजारांऐवजी सुमारे १ ओहम, आणि बोटभर तारेत १४ वॅट. परदेशांत काही लोक ही तार आणि कापसाची वात स्वतःच बसवतात. त्यांचे बिघाड आपल्या ओळखीचेच: वेटोळे एकमेकाला चिकटले की काही ठिकाणी तार जास्त तापते, स्क्रू ढिला असला की रोध खालीवर होतो, हवेची वाट चुकली की गळती. पण दोन गोष्टी वेगळ्या आणि धोक्याच्या. नायक्रोम किंवा कँथलच्या तारेचा रोध तापला तरी फारसा बदलत नाही, म्हणजे चकतीसारखा आपोआप लगाम नाही. वात कोरडी पडली की तापमान चढतच जाते, कापूस आणि द्रव करपतात आणि फॉर्माल्डिहाइडसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. ती येथे खोलीच्या हवेत विरळ होत नाहीत, थेट फुप्फुसात ओढली जातात. आणि तारेचे टोक चुकून धातूच्या कवचाला टेकून रोध ०.१ ओहमवर आला तर हिशेबाने धारा ३७ अँपिअर. एवढी धारा मागितली की छोटा लिथियम घट तापून फुटू शकतो.

वजन सांगते ते खरे

यंत्र चालते की नाही, याचा निकाल दिव्यावर नाही, उबेवर नाही आणि वासावर तर मुळीच नाही. निकाल बाटलीच्या वजनावर. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आता पुष्कळ शाळांत असतो. ४५ मिलिलिटरची बाटली रोज आठ तासांप्रमाणे ४५ रात्री पुरत असेल, तर रात्रीचा खर्च १ मिलिलिटर, म्हणजे सुमारे ०.८ ग्रॅम. संध्याकाळी आणि सकाळी बाटली तोलावी. काटा नसेल तर बाटलीवर पेनाने रेघ मारून आठवड्याने पाहावे. (बाटली हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि तोलण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे.)

या आकड्यावरून आणखी दोन हिशेब निघतात. ०.८ ग्रॅममध्ये दीड टक्का कीटकनाशक म्हणजे रात्रभरात फक्त १२ मिलिग्रॅम. तेवढ्यावर खोलीभर परिणाम होतो. आणि एवढे द्रव तापवून त्याची वाफ करायला, अप्रकट उष्मा धरून, सुमारे ४०० ज्यूल पुरतात. यंत्र मात्र आठ तासांत १,४४,००० ज्यूल खर्च करते. हजारातले तीन भागच कामी येतात, बाकी सगळी उष्णता खोलीतल्या हवेला. तरी वीज जळते ती पंचवीस रात्रींत एक युनिट.

ही बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये हे सांगायला नको, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. लहान मुलाने द्रव प्यायले तर त्याला उलटी करवू नये. उलटीच्या वेळी हे पातळ तेल श्वासनलिकेत जाते आणि फुप्फुसांना गंभीर इजा करते. कीटकनाशकाने झटके येण्याचाही धोका असतो. मीठपाणी, दूध असले उपाय न करता मुलाला बाटलीसह थेट रुग्णालयात न्यावे. बाटली यासाठी की तिच्यावरचे नाव डॉक्टरांना लागते.

आता समजा, वजन बरोबर घटते आहे, वात मधोमध आहे, दिवा लागतो आहे, आणि तरीही डास चावतात. तर बिघाड यंत्रात नाही, तो दुसरीकडे शोधायला हवा. खिडक्या सताड उघड्या असतील तर १२ मिलिग्रॅम औषध वाऱ्यावर जाते. कित्येक ठिकाणच्या डासांमध्ये या जातीच्या कीटकनाशकांना दाद न देण्याची क्षमता आलेली आहे; त्यांच्या मज्जापेशींतल्या ज्या प्रथिनाला औषध चिकटते, त्याची घडणच बदललेली असते. आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास मुख्यतः दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार कलल्यावर, जेव्हा यंत्र बंद करून कपाटात ठेवलेले असते आणि मुले शाळेत असतात. त्याची पैदास कूलरच्या टाकीत, टायरमध्ये, पाण्याच्या पिंपात होते. उन्हाळी हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून पाणी आठवड्यातून एकदा काढून टाकायचे असते. मात्र पिंप नुसते रिकामे करून भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी काही महिने जगतात; ती काढायला आतली बाजू घासावी लागते.